दोन सीटांची गाडी

१

रविवारी सकाळी रतन देवपूजा करते आणि मी गाडी धुतो. आमचं लग्न झालं त्या वर्षी पुण्याच्या एका पारशी गृहस्थाकडून मी ही गाडी घेतली, तेव्हापासूनचा हा रिवाज. विलायती, उघडी, लाल भडक, बसायला दोनच सीटा. एम.जी. हे तिचं नाव भोरमध्ये कुणाच्या तोंडी बसलं नाही. लोक तिला ‘वकिलाची तांबडी’ म्हणायचे. दोनच सीटा घेऊन काय करणार, पुढे लेकरंबाळं झाली की कुठे बसवणार, असं तेव्हा सगळेच विचारायचे. पुढे पुढे विचारेनासे झाले. त्या न विचारण्याचा रतनला जास्त त्रास व्हायचा.

अडुसष्ट सालच्या शिमग्यानंतर गाडीच्या रंगाचा विषय निघाला. बॉनेटवरचा लाल रंग उन्हाने विटकरी झाला होता. त्यात नवे मुन्सफ एकदा कोर्टाच्या पायऱ्यांवर हसत म्हणाले, "वकीलसाहेब, तुमची गाडी आधी दिसते, तुमची बाजू नंतर." बोलणं गमतीचं होतं, पण मला लागलं. चाळिशी उलटलेल्या माणसाने असली नवरदेवाची गाडी घेऊन कोर्टात जावं का, असं वाटायला लागलं.

कोंडिबा पेंटर, म्हणजे बैलगाडीपासून ट्रकपर्यंत काहीही रंगवणारा आमच्या गावचा माणूस, येऊन पत्र्यावर नख घासून गेला. "कुठला बी रंग द्या साहेब, पर तांबडा दबत न्हाई. खालनं वर येतो." मी राखाडी की निळा यात अडकलो. अशिलाला घटकाभरात सल्ला देणारा मी, स्वतःच्या गाडीपुढे मात्र महिनाभर डोकं खाजवत होतो. रतनला विचारलं तर ती नुसतं "बघू" म्हणायची.

अशात एका सोमवारी पासलीचा गेनबा आला. पासली म्हणजे वेल्ह्याच्याही पुढचं डोंगरातलं गाव. तिथला त्याच्या बांधाचा दावा मी चालवत होतो. म्हातारा बाकावर टेकला, फेटा सोडून गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाला, "झ्याक रंग दिला साहेब गाडीला. हिरवागार. भाताच्या रोपावानी."

मी त्याला अंगणातल्या पत्र्याच्या शेडपाशी नेलं. गाडीकडे बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"आं? परत तांबडी केली व्हय?"

२

साक्षीदार खोटं बोलतोय की चुकतोय, हे ओळखण्यावर माझं पोट चालतं. गेनबा दोन्ही करत नव्हता. म्हणून मी त्याला पुन्हा बाकावर बसवलं आणि रीतसर उलटतपासणी घेतली.

"गेनबा, गाडी तुम्ही कुठं बघितलीत?"

"आमच्या खाचराच्या वरल्या अंगानं गेली की. परवा, ऊन कलतीला."

"खाचराच्या वर रस्ता कुठाय? तिथनं बैलगाडी जात नाही."

"त्येच म्या बी म्हनलं. पर गेली खरी. धक्का न्हाई का काय न्हाई."

"तुम्ही मला हाक मारली नाही?"

गेनबा जरा घोटाळला. फेट्याचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाला, "तुमी न्हवता साहेब. वैनीसाहेब चालवित हुत्या."

मला हसू आलं. रतनला सायकलसुद्धा येत नव्हती.

"आन् शेजारी ल्हान पोरगी हुती. दोन येण्या घातल्याल्या. पावन्याची असंल म्हनून म्या काय इचारलं न्हाई."

तो गेल्यावर मी कारणं जुळवत बसलो. म्हाताऱ्याची नजर गेली असेल. पुण्याहून कुणी पानशेतला आलेलं असेल आणि वाट चुकलं असेल. दुसरी गाडी असेल, दुसरी बाई असेल. एवढी कारणं मी कोर्टात मांडली असती तर कुठल्याही मुन्सफाने दावा तिथेच काढून टाकला असता.

जेवताना मी रतनला गंमत म्हणून सांगितलं, की गेनबाला आपली गाडी हिरवी दिसली. तिचा हात पातेल्यावरच थांबला.

"हिरवी? मी कुणाला बोललेच नव्हते हो. मनात होतं नुसतं."

"आणि गाडीत एक लहान मुलगी होती म्हणे."

"कुठं बसली होती?"

"तुझ्या मांडीवर," मी म्हटलं.

खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलं नाही. एका म्हाताऱ्याच्या बडबडीतलं एक वाक्य गाळलं, एवढंच. दोन सीटा, एका सीटवर रतन, एका सीटवर ती मुलगी. मग मी कुठे, हे मला स्वतःलाच मोठ्याने विचारायचं नव्हतं. रतनने न मागता माझ्या ताटात आणखी भात वाढला. "केस कसे होते तिचे?" तिने विचारलं. "दोन वेण्या," मी म्हणालो. त्या रात्री ती खुशीत होती.

३

त्यानंतर दुपारी शेडमधून आवाज यायला लागला.

आमची पुढची खोली म्हणजे माझं ऑफिस. तिची खिडकी शेडकडे उघडते. चैत्राचं ऊन तापलं की पत्रे आपोआप कडकड वाजतात, तो आवाज मला पाठ होता. हा तो नव्हता. काहीतरी लहानसं, कठीण, फरशीवर घासल्याचा आवाज. घासून थांबायचं, पुन्हा घासायचं. लहानपणी आम्ही चिंचोका असा फरशीवर घासायचो आणि तो तापला की शेजारच्या पोराच्या दंडाला चटका द्यायचो. आवाज ओळखला म्हणून मला बरं वाटायला हवं होतं.

मी उठून गेलो. शेडमध्ये कुणी नव्हतं. डावीकडच्या सीटच्या खोबणीत एक चिंचोका होता, एका अंगाने घासून पांढरा केलेला. मी तो उचलला आणि लगेच या हातातून त्या हातात घेतला. चटका बसण्याइतका तो तापलेला होता.

पत्र्याची शेड, चैत्र महिना, भर दुपार. लोखंडाच्या गाडीत ठेवलेली कुठलीही वस्तू तापणारच. मी सीटवर हात ठेवून बघितला. सीट मात्र गार होती.

चिंचोका मी आमच्या चिंचेखाली टाकून दिला. रतनला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो तिने देव्हाऱ्यात ठेवला असता, अशी मला खात्री होती.

त्याच आठवड्यात बनाबाई येऊन गेली. ही वेल्ह्याकडून नाचणी आणि हातसडीचे तांदूळ घेऊन दारोदार विकणारी बाई, रतनची जुनी मैत्रीण. दोघी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मी पाणी प्यायला गेलो तशा दोघी गप्प झाल्या. बनाबाईने माझ्याकडे वर बघितलं आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. चुलीचा धूर लागला असं ती म्हणाली. चूल विझलेली होती.

४

"आपण कौल लावू," रतन म्हणाली.

भैरवनाथाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. लग्न, विहीर, कोर्टकचेरी, कशालाही आमच्याकडे कौल लावतात. माझे निम्मे अशील आधी तिकडे जातात, मग माझ्याकडे येतात, आणि कौल डावा आला तर येतच नाहीत. "गाडीच्या रंगाला कौल लावणारे आपण पहिलेच," मी म्हटलं. रतन हसली नाही.

सकाळी देवळात आम्ही दोघं आणि दादू गुरव, एवढेच होतो. दादूने पाकळ्या लावल्या, डोळे मिटले. "नाथबाबा, आनंदराव वकिलांच्या गाडीला हिरवा रंग द्यावा का ऱ्हाऊ द्यावं, उजवं डावं सांग."

गाभाऱ्यात पिंडीवरच्या तांब्यातून पाणी ठिबकत होतं. मी पाकळ्यांकडे बघत होतो. डावी पडावी अशी माझी इच्छा आहे, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. देवावर माझा फारसा विश्वास नाही, तरी मी मनातल्या मनात हात जोडले होते.

एकही पाकळी पडली नाही. दादूने गाऱ्हाणं पुन्हा घातलं. पाकळ्या सुकून चुरगळल्या, तरी जागच्या हलल्या नाहीत. त्याने त्या काढून नव्या लावल्या, त्यांचंही तेच. शेवटी तो रतनकडे वळला, आणि त्याचा आवाज जरा चढला होता.

"वैनी, रंग दिऊन झालाय न्हवं?"

"नाही हो दादू."

"मंग आसं हुतंय कसं? लोकं हीच चूक करत्यात. आदी घर बांदत्यात न् मागनं इचारत्यात, बांदू का म्हनून. झाल्या कामाचा कौल देव देत न्हाई. पाकळी अशीच ऱ्हाती."

"गाडी बाहेर उभी आहे," मी म्हणालो. "या, बघा."

दादू दारापर्यंत आला. उन्हात गाडी लालच होती. त्याने तिच्याकडे बघितलं, मूर्तीकडे बघितलं, मग कान खाजवला. "मंग मला काय म्हाईत न्हाई बाबा," असं म्हणून तो आत गेला, आणि आम्हाला अंगारा द्यायचाही विसरला.

परत येताना रतन माझ्या शेजारच्या सीटवर बसली होती. सुकलेल्या पाकळ्या तिने पदरात बांधल्या होत्या. "झालेलंच आहे म्हणाले ते," ती हळूच म्हणाली. एवढी आनंदी मी तिला कित्येक वर्षांत बघितली नव्हती, आणि मला भर उन्हात थंडी वाजत होती.

५

वैशाखात गेनबाचा बांध समक्ष बघायला मी पासलीला गेलो. मुद्दाम एसटीने वेल्ह्यापर्यंत आणि पुढे चालत. गाडी शेडमध्ये होती, शेडला कुलूप होतं आणि दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात होत्या.

खाचरं मोकळी पडलेली. भाताच्या रोपांसाठी राब भाजून जमीन जागोजागी काळी झालेली. बांधाच्या वरच्या अंगाला मला चुन्याच्या खुणा आणि ठोकलेल्या खुंट्या दिसल्या.

"ह्ये काय हो गेनबा?"

"साहेब लोकं ठोकून गेली काल. हितनं रस्ता काडनार हायती म्हनं. कवा व्हईल द्येव जानं. चार-पाच वर्सं तर लागत्यालच." मग तो बांधापलीकडच्या गड्याला बोलवायला खाली उतरला. गाडी गेली ती याच बाजूने, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं.

मी उंबराच्या सावलीत एकटा उभा होतो. वारा पडलेला. तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला.

आमच्या गाडीला तिसऱ्या गिअरमध्ये एक खोकला आहे. पुण्याच्या तीन मिस्त्र्यांना तो काढता आला नाही. तो खोकला मी झोपेतही ओळखीन. चुन्याच्या खुणांच्या रेषेतून, खुंट्यांवरून, जणू खाली डांबर असावं तशी ती सरळ येत होती. हिरवी. रंगही अंगवळणी पडल्यासारखा, मडगार्डवर थोडा उडालेला.

रतन चालवत होती. चेहरा भरलेला, कानावर केस पांढरे झालेले. तिचं लक्ष समोर होतं. स्टिअरिंगवर तिचे हात इतके सराईत होते की मी त्यांच्याकडेच बघत राहिलो. तिच्या कपाळाकडे मी बघितलं नाही. नजर तिकडे जाऊ लागली तशी मी ती ओढून आणली.

शेजारी ती मुलगी होती. चार वर्षांची असेल. वेण्या घट्ट घातल्यामुळे कान उघडे पडले होते, आणि ते कान माझे होते. आमच्या घरातल्या सगळ्यांचे असे पुढे आलेले कान असतात, त्यावरून शाळेत मी खूप मार खाल्लेला आहे. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. चांगलं टक लावून. वाटेत उभ्या असलेल्या परक्या माणसाकडे मुलं बघतात, तसं. मग तोंड वळवून तिने आईला काहीतरी विचारलं आणि गाडी उंबराच्या पलीकडे गेली.

पलीकडे जाऊन मी बघितलं. काळी जमीन, खुंट्या आणि ऊन.

६

घरी पोचलो तेव्हा रतन गच्चीवरचे पापड उचलत होती. मी पायरीवर बसलो. तिने पाणी आणून दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मुलगी माझ्या मांडीवर होती, असं तुम्ही मला सांगितलंत. बनाबाईनं पण बघितली होती गाडी. मी चालवत होते म्हणाली ती."

"म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मी गाडीत नव्हतो, हेही?"

ती पापडांची चळत नीट लावत राहिली. "तुम्ही कोर्टात असाल तेव्हा. दुपारची वेळ होती ना."

हे तिने इतक्या साध्या आवाजात म्हटलं की मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिला खरंच तसं वाटत होतं, की तसं वाटायला हवं म्हणून तिने ते महिनाभर घोकलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. इतकी वर्षं माणसं वाचण्यात गेली आणि घरातलं माणूस वाचता आलं नाही.

"तुम्हाला नको असेल तर राहू दे," ती म्हणाली. "लालच छान आहे."

आणि ती पुन्हा कधी विषय काढणार नाही, हेही मला ठाऊक होतं. तशीच आहे ती. मी नाही म्हटलं असतं तर एवढंच झालं असतं, की गाडी लाल राहिली असती, आणि आम्ही दोघं म्हातारे होईपर्यंत रविवारी तिच्यातून फिरायला गेलो असतो. मला ते हवं होतं. फार हवं होतं. जगायला मला कधीच कंटाळा आलेला नाही. पण त्या मुलीने माझ्याकडे बघितलं होतं. ती कुठेतरी आहे, तिला कान आहेत, तिला आईला काहीतरी विचारायचं आहे. तिला बघून आल्यावर ती नकोच असं म्हणणं माझ्याच्याने होईना.

"कोंडिबाला निरोप धाड," मी म्हणालो. "पावसाच्या आत उरकायला पाहिजे."

कोंडिबाने जुना रंग घासला, खाचखळग्यांत लांबी भरली, अस्तराचा हात दिला आणि वर हिरवा चढवला. शेवटच्या दिवशी तो गाडीभोवती दोनदा फिरला. "नवल हाय साहेब. तांबडा कुठंच वर आला न्हाई. जनू कंदी नव्हताच."

७

आषाढात रतनला भाताच्या वाफेने मळमळायला लागलं. डॉक्टरांनी तिला तपासून बाहेर येऊन माझा हात हातात घेतला, आणि मी त्यांच्यासमोर लहान मुलासारखा रडलो. तो आनंद खरा होता, त्यात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं. आलोच आहोत तर म्हणून त्यांनी मलाही तपासलं. छाती, नाडी, रक्तदाब, सगळं उत्तम. "शंभरी गाठाल," ते म्हणाले.

आता गणपती झाले. पाऊस ओसरलाय. सकाळी थोडा वेळ मी रतनला गाडी शिकवतो. सुरुवातीला ती नको म्हणाली, मग हो म्हणाली. तिचा हात चांगला आहे. क्लच सोडताना घाई करते, तेवढं जाईल.

आज कोर्टातून परस्पर मी रामभाऊंच्या फोटो स्टुडिओत गेलो. त्यांनी मला पडद्यासमोरच्या खुर्चीत बसवलं, हनुवटी जरा वर केली.

"कोर्टात लावायला का साहेब?"

"घरात."

"मंग मोठा काडू. दाराच्या वर लावला की झ्याक दिसंल."

"वर नको. खाली लावायचाय." मी हात कमरेच्या जरा खाली धरून उंची दाखवली. "एवढ्यावर."

रामभाऊ माझ्या हाताकडे बघत राहिले. मग कॅमेऱ्यामागे गेले आणि काळ्या कापडात डोकं घालून म्हणाले, "गंभीर बसा. वकील वाटला पाह्यजे."

"नाही वाटला तरी चालेल," मी म्हणालो, आणि आपल्याला न ओळखणाऱ्या लहान मुलाकडे बघून हसावं, तसा त्या काचेकडे बघून हसलो.